काढलेला माणूस लाकडागत ताठ येतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

बेळगावच्या शहापूरमधल्या माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात दर जूनला नवी मुलं येतात आणि जुलै संपायच्या आत कुणीतरी वही पुढं करून तेच विचारतं, "मॅडम, नाक-डोळे बरोबर आल्यात, हातपाय मोजून काढल्यात, खरं माणूस असा मेल्यागत का उभारलाय?" (बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं या 'खरं'चा अर्थ 'पण'.)

हा एकच दोष मी अठरा वर्षं दुरुस्त करतेय. त्याआधी दोन वर्षं तो माझ्या स्वतःच्या हातात होता. कुठं आधी बघायचं आणि कुठं नंतर, हे आता पक्कं बसलंय. तोच क्रम इथं देते, कारण फुकटात सुटणाऱ्या अडचणीसाठी मुलं सहा-सहा महिने हाडांची नावं पाठ करत बसलेली मी बघितली आहेत.

आधी लक्षणं

वहीतली शेवटची दहा चित्रं जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि उभं राहून बघा. एकेक चित्र जवळून बघितलं की त्यात काही ना काही चांगलं सापडतंच. दोष दहा एकत्र मांडल्यावर कळतो.

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण हे: प्रत्येक माणूस दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभा आहे. खांद्यांची रेघ आडवी, कंबरेची रेघ आडवी. विठोबा असा उभा असतो, विटेवर समचरण, हात कटेवर. मूर्तिशास्त्रात त्याला समभंग म्हणतात आणि तिथं ते मुद्दाम आहे, त्या स्थिरतेला अर्थ आहे. बसची वाट बघून कंटाळलेला माणूस मात्र असा कधीच उभा राहत नाही.

दुसरं लक्षण: डोकं मोठं, पाय आखूड, आणि पावलं कागदाबाहेर गेलेली किंवा गवतात लपवलेली. तिसरं: रेघ केसाळ, एका दंडाला वीस तुकडे. चौथं: बसलेला माणूस बसत नाही, खुर्चीच्या वर चार बोटं तरंगतो. पाचवं: वर केलेला हात खांद्यात खिळा ठोकून बसवल्यासारखा दिसतो. सहावं: स्नायू आहेत, सगळे आहेत, पण पोत्यात बटाटे भरल्यासारखे.

यातली फक्त शेवटची दोन लक्षणं शरीररचनेची, म्हणजे अॅनाटॉमीची. पहिल्या चारांचा हाडा-स्नायूंशी काही संबंध नाही, आणि गल्लत होते ती इथंच. चित्र ताठ आलं की मुलं अॅनाटॉमीचं पुस्तक आणतात.

मीही तेच केलं होतं. वडगावात आमच्या घरी हातमाग होता. दोन वर्षं मी छापील पानांवरचे स्नायू उतरवून काढले, नावं पाठ केली, आणि मग वडिलांना मागावर बसलेलं काढलं. दंडाचा स्नायू, पाठीचे मणके, काही सोडलं नाही. वडिलांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पोरी, ह्यो माणूस माग चालवत न्हाई. मागाजवळ फोटोला बसलाय." पाय पावड्यांवर, म्हणजे मागाच्या पायपट्ट्यांवर होते, पण पावडी दाबणारा पाय आणि वर येणारा पाय मी सारखेच काढले होते. धोटा (आडवा धागा नेणारी नळी) फेकताना ते एका बाजूनं किंचित पुढं झुकायचे, ते मी बघितलंच नव्हतं. लहानपणापासून रोज समोर असूनही.

म्हणून आधी वजन कुठं चाललंय ते बघायचं. हाडं नंतर.

पाट तिरका करा

एका मिनिटाचं काम आहे, पैसा लागत नाही, आणि मोठं डोकं-आखूड पाय या लक्षणाचं पहिलं कारण हेच असतं. कागद टेबलावर किंवा मांडीवर सपाट ठेवला की वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि दबलेला दिसतो. तो दबलेला दिसतो म्हणून हात नकळत तो मोठा काढतो. मग चित्र भिंतीला लावलं की डोकं भोपळ्याएवढं. पाट, म्हणजे कागद लावायची फळी, भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवून असा उभा करा की कागदाचा मधला भाग नजरेला काटकोनात येईल. ईझल (चित्राची तिपाई) नसला तरी चालतं, पोळपाट पालथा घालून त्यावर पॅड टेकवणारी मुलगी माझ्या वर्गात होती आणि तिचं काम उत्तम चालायचं.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट: काढायला लागण्याआधी कागदावर वर एक आणि खाली एक अशी खूण करा, डोक्याची आणि पावलांची. माणूस त्या दोन खुणांच्या आत बसला पाहिजे. एवढ्यानंच अर्ध्या वर्गाचे पाय परत मिळतात.

पेन्सिल कशी धरलीय

केसाळ रेघ मनगटातून येते. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ पेन्सिल धरली की बोटं हलतात, फार तर मनगट हलतं, आणि रेघ दोन-तीन इंचांवर संपते. माणसाच्या पाठीची रेघ त्याहून लांब असते, म्हणून ती तुकड्या-तुकड्यांनी जोडावी लागते. पेन्सिल मागं धरा, पंजाखाली आडवी, आणि हात खांद्यातून हलवा. ६बीची मऊ पेन्सिल किंवा कोळशाची कांडी घ्या, नेहमीची एचबी नको, कारण एचबी दाबायला लावते. पहिले चार दिवस रेघ वेडीवाकडी जाईल, जाऊ द्या.

खोडरबर वर्गाच्या दाराशी ठेवायचा. हे मी शिस्तीसाठी सांगत नाही. खोडताना डोळा माणसावरून उठतो आणि कागदाला चिकटतो. चुकलेल्या रेघेच्या शेजारी दुसरी ओढा. पहिली तिथं असली की दुसरी किती सरकवायची ते कळतं.

घड्याळ लावा

झेरॉक्सच्या दुकानातून एका बाजूनं छापलेले खराब कागद आणा. मागची कोरी बाजू आपली. चांगला कार्ट्रिज कागद या कामाला घ्यायचाच नाही, त्याची किंमत आठवून हात आखडतो.

रोज वीस मिनिटं: अर्ध्या मिनिटाची दहा चित्रं, मग एका मिनिटाची पाच, मग पाच मिनिटांची दोन. यालाच जेश्चर म्हणतात. अर्ध्या मिनिटात डोळे-नाक-बोटं काढताच येत नाहीत, म्हणून तर ती वेळ. जे काढायला वेळ उरत नाही ते सोडून माणूस काय करतोय तेवढंच राहतं.

इथं एक चूक नेहमी होते. मुलं अर्ध्या मिनिटात तेच जुनं चित्र घाईघाईनं काढतात: आधी डोक्याचा गोल, मग मान, मग खांदा, आणि कंबरेपाशी वेळ संपते. दहा चित्रांत दहा धडं, पाय एकाही चित्राला नाहीत. असं होत असेल तर घड्याळ बरोबर आहे, सुरुवात चुकतेय.

पहिली रेघ कुठून

डोक्याचा गोल आधी काढायची सवय शाळेतल्या स्मरणचित्रापासून लागलेली असते. परीक्षेच्या कागदावर वेळेत चार माणसं उभी करायची म्हणून ती शिकवली जाते, आणि तिथं तिचं काम भागतंही. पण बाह्यरेषेनं सुरुवात केली की माणसाची कड मिळते, माणूस मिळत नाही.

पहिली रेघ माथ्यापासून निघून, कण्यातून, वजन पेलणाऱ्या टाचेपर्यंत एका दमात. आम्ही वर्गात तिला 'धाव' म्हणतो. ती शरीराच्या कडेवर नसते, आतून जाते. ती मिळायची युक्ती अशी की काढायच्या आधी स्वतः त्या माणसासारखं उभं राहा. तसंच वाका, तसाच हात ताणा. कुठं ओढ बसते ते तुमच्या अंगाला लगेच कळतं, आणि धाव तिथूनच जाते. दुसरं, कागदाच्या कोपऱ्यात एक क्रियापद लिहा. 'हमाल' लिहू नका. 'उचलतोय', 'टेकलाय', 'ओढतेय', 'वाट बघतेय' असं लिहा. क्रियापद सुचत नसेल तर अजून बघितलेलं नाही, पेन्सिल खाली ठेवा.

ओळंबा: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्यानं बघतो. दोरा आणि त्याला बांधलेला एखादा लोखंडी नट एवढंच साहित्य. चित्र उभं धरा, काढलेल्या माणसाच्या गळ्याखालच्या खळगीवर दोरा धरा आणि खाली सोडा. नट कुठं लटकतो ते बघा.

माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर दोरा त्याच पायाच्या घोट्याजवळ आला पाहिजे. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. दोरा पावलांच्या बाहेर गेला तर तो माणूस त्या क्षणी पडतोय, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला कारण न कळताही ते खुपतं.

दोन वर्षांपूर्वी एका मुलानं मार्केट यार्डातला हमाल काढून आणला. रताळ्याचं पोतं पाठीवर, चांगलं मोठं. पोत्याच्या सुतळीची शिवण काढली होती, कपाळावरचा घामही काढला होता. माणूस मात्र काठीसारखा सरळ, आणि पोतं पाठीला डिंकानं चिकटवल्यासारखं. ओळंबा सोडला तर खळगीतून बरोबर घोट्यावर आला. मुलगा म्हणाला, "बघा की मॅडम, बरोबर हाय की!" मी घरातून तांदळाची अर्धी भरलेली पिशवी आणली आणि त्याच्या पाठीवर दिली. तो लगेच पुढं वाकला. गुडघे दुमडले, मान पुढं गेली, पावलं फाकली. "आता तुझ्या गळ्यातनं दोरा सोडला तर कुठं येईल?" दोरा त्याच्या अंगठ्याच्याही पुढं आला असता. कारण आता तोल एकट्या माणसाचा राहिलेला नाही, माणूस आणि पोतं मिळून एकच वजन झालंय, आणि त्या दोघांचा मिळून मध्य पावलांवर यायला हवा. पोतं मागं, म्हणून माणूस पुढं. त्यानं तिथंच उभ्या उभ्या हसत दुसरं चित्र काढलं, सुतळी नाही, घाम नाही, आणि ते पोतं जड होतं.

यावरून बाकीचं सुचत जातं. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई मान सरळ ठेवते, कारण वजन बरोबर मानेच्या वर आहे. हलतात ते तिचे कुल्ले. कमरेवर घागर घेतली की धड उलट्या बाजूला झुकतं आणि मोकळा हात आपोआप लांब जातो. आणि चालणाऱ्या, धावणाऱ्या माणसाला ओळंबा लावू नका. त्याचा तोल पुढं सुटलेला असतो, पुढचं पाऊल तो सावरायलाच पडतं. चालणाऱ्याचा ओळंबा पावलावर आणून ठेवला की तो चालायचा थांबतो.

बसलेल्या माणसाला दोरा लावायचा नाही, तिथं टेक शोधायची. निपाणीहून येणाऱ्या एका मुलीनं आजीला विड्या वळताना काढलं होतं. मांडी घातलेली, मांडीवर सूप, बोटं अगदी बारकाईनं. पण आजी जमिनीला टेकलेली नव्हती. तिनं मांडीची गोलाई खालूनही पूर्ण काढली होती, एखाद्या चेंडूसारखी. जिथं शरीर जमिनीला दाबलं जातं तिथं ते सपाट होतं, तिथली रेघ दाट आणि आडवी हवी. तेवढी एक रेघ बदलली आणि आजी खाली बसली.

छाती आणि कंबर: दोन काड्यापेट्या

ओळंबा बरोबर आला तरी चित्र अवघडलेलं असेल तर बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचा भाग बघा. हे दोन कठीण ठोकळे आहेत, आतून फारसे वाकत नाहीत. वाकणं, वळणं होतं ते मधल्या मऊ भागात. दोन काड्यापेट्या घ्या, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. एका पायावर भार द्या असं त्या पेट्यांना सांगून बघा: ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर जाते, आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. ट्यूब एका बाजूला चुरगळते, दुसऱ्या बाजूला ताणली जाते.

ताठ चित्रात दोन्ही बाजूंची रेघ सारखी असते. जिवंत माणसात एका बाजूला चुणी असते आणि दुसरीकडं ताण. साडी-सदऱ्याच्या चुण्यासुद्धा याच नियमानं पडतात. चुरगळलेल्या बाजूला गोळा होतात, ताणलेल्या बाजूला सरळ होतात. मुरलीधर कृष्णाची मूर्ती नीट बघा. मान एकीकडं, छाती दुसरीकडं, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला. त्रिभंग म्हणतात ते हेच, आणि आपल्या मूर्तिकारांना ते कित्येक शतकांपूर्वी ठाऊक होतं.

भाताची रोपं लावणाऱ्या बायका काढताना यातलीच एक चूक खानापूरकडच्या मुलांच्या वहीत हमखास येते. ते पाठ धनुष्यासारखी वाकवतात. सराव असलेली बाई वाकते ती खुब्यातून. पाठ बरीचशी सरळ राहते आणि कंबरेचा ठोकळाच पुढं कलतो.

मापं

हे लवकर उरकते, कारण मापांनी ताठपणा जात नाही, उलट आधी मापं घेतली तर वाढतो. पाच मिनिटांचं चित्र झाल्यावर मोजायचं. उभा मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच. उंचीचा मध्य नाभीवर येत नाही, जांघेजवळ येतो. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या मध्याजवळ गुडघा. हात खाली सोडला की कोपर कंबरेच्या निमुळत्या भागाजवळ, मनगट खुब्याच्या हाडाजवळ, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. वर्षाच्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास चौथाई असतं, म्हणून मोठ्या माणसाला लहान करून बाळ होत नाही. डोळे डोक्याच्या मध्यावर. पुरे.

फोटोवरून काढताय का

मोबाईल जवळ धरून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो. उंचीवरून घेतलेल्या फोटोत डोकं मोठं, पावलं चिमुकली. तुम्ही प्रामाणिकपणे उतरवता आणि दोष तुमच्या हाताला लागतो. शिवाय फोटोत वजन दिसत नाही. पोतं उचलायच्या आधीचा श्वास आणि नंतरचा थरथरता पाय हे फोटोच्या आधी आणि नंतर घडून गेलेलं असतं.

म्हणून एक महिना फोटो बंद. बसस्टँडचा बाक, किल्ल्याजवळच्या तलावाचा काठ, कपिलेश्वरच्या पायऱ्या, आठवडी बाजार. ज्या कामात तीच हालचाल परत परत होते तिथं बसा: पोती उतरवणारे, इस्त्रीवाला, माग. एक हालचाल अर्धवट राहिली तरी पुढच्या फेरीला ती परत मिळते. कुणाला जवळून काढायचं असेल तर विचारा, आणि काढलेलं दाखवा. कामावरच्या बाईला न विचारता समोर बसून टक लावून बघू नका, चित्रासाठीसुद्धा.

तालमीत जायचं असेल तर वस्तादांची परवानगी घेऊनच. मी माझ्या मुलांना तसंच पाठवते. हौद्यातल्या मातीत दोन पैलवान खडाखडी करत, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेत असतात तेव्हा पवित्रा काय असतो ते बघून या: गुडघे किती वाकलेत, वजन टाचेवर आहे की चवड्यावर. एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) काढताना ज्याचा पाय उचलला गेला त्याचं सगळं अंग उरलेल्या एका पायाकडं कसं धावतं, ते कुठल्याही पुस्तकात इतकं स्वच्छ दिसत नाही. वस्ताद लोक पोराचा तोल कुठं फसलाय हे बघताक्षणी सांगतात. तीच नजर आपल्याला हवी.

ज्या बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे व्यक्तिचित्रकार होऊन गेले आणि त्यांच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे घडले, त्या गावात मुलं मोबाईलच्या पडद्यावरून माणूस शिकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाहेर पडल्यावर माणसं आहेतच की.

आता अॅनाटॉमी

इथवरचं सगळं केलं, आकृत्या हलायला लागल्या, आणि तरी खांदा खिळ्यासारखा नाहीतर स्नायू बटाट्यांसारखे येतात, तर आता हाडांकडं वळा. याला महिने लागतात, म्हणून हे इतकं खाली. आता तुमच्याकडं प्रश्न असतो, 'हा हात वर गेल्यावर खांद्याचं काय झालं?' प्रश्नाशिवाय पाठ केलेली हाडं चित्रात उतरत नाहीत.

एका वेळी एकच सांधा, किमान दोन आठवडे. सुरुवात खांद्यापासून. डाव्या हाताची बोटं उजव्या खांद्यामागच्या पात्यावर ठेवा आणि उजवा हात हळूहळू डोक्यावर न्या. पातं सरकतं, फिरतं. हात पूर्ण वर जाईपर्यंत जी हालचाल होते तिचा सुमारे तिसरा हिस्सा त्या पात्याचा असतो. सगळा हात धडाच्या हाडांना हाडानं जोडलेला आहे तो एकाच जागी, गळ्याखाली, जिथं हांसळीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं. बाकी सगळं स्नायूंनी धरलंय. म्हणून वर केलेला हात खांद्याच्या गोलातून काढायचा नाही, गळ्याच्या खळगीतून काढायचा. कपडे वाळत घालणारी बाई काढून बघा; हांसळीचं हाड तिरकं वर जातं, खांदा कानाजवळ येतो, आणि काखेपासून कमरेपर्यंत एक लांब ताण मिळतो. खिळा निघाला.

मग हाताचा पुढचा भाग. कोपर टेबलावर टेकवून तळवा वर, तळवा खाली असं करा. कोपराचं टोक तिथंच राहतं, पण अंगठ्याकडचं हाड दुसऱ्या हाडावरून आडवं जातं. त्यामुळं तळवा फिरला की मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा आकार बदलतो. फक्त पंजा फिरवून काढला की तो उलटा बसवल्यासारखा दिसतो.

आणि बटाट्यांचं कारण: समोरासमोर फुगवटे. दोन्ही कडांचा फुगवटा एकाच उंचीवर आला की हातपाय तक्क्यासारखे होतात. शरीरात ते खालीवर असतात. पोटरी समोरून बघा: बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली. घोटा उलट: आतला वर, बाहेरचा खाली. बाजूनं बघितलं तर मांडी पुढं फुगते आणि पोटरी मागं, म्हणून सबंध पायाची धाव लांबट वळणाची होते. एवढ्या दोन-तीन गोष्टी कळल्यावर स्नायूंची नावं नाही आली तरी चालतं. नाव येतं आणि जागा येत नाही, हे मात्र चालत नाही.

प्रत्येक सांधा समजला की परत अर्ध्या मिनिटाच्या चित्रांकडं जा. अॅनाटॉमीच्या आठवड्यांत जेश्चर बंद ठेवलं तर ताठपणा परत येतो. दर बॅचला दोघं-तिघं तरी यात सापडतात.

कधी थांबायचं आणि कुणाकडं जायचं

वरच्या क्रमानं तीन महिने, आठवड्यातले पाच दिवस केलंत आणि तीच चूक त्याच जागी येत असेल, तर एकट्यानं आणखी करू नका. चुकीचा सराव हातात मुरतो. जिवंत मॉडेल बसवून शिकवणारा, स्वतः माणूस काढणारा शिक्षक गाठा. विचारून घ्या, "तुम्ही आमच्या समोर काढून दाखवता का?" जो दाखवतो त्याच्याकडं बसा. कलामहाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर तीन महिनेसुद्धा थांबू नका. परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जा. शेवटच्या महिन्यात आलेल्या मुलाला मी फक्त धीर देऊ शकते, हात देऊ शकत नाही.

दुखणं असेल तर शिक्षकाकडंही नाही. काढताना अंगठा-बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, खांद्याचं दुखणं आठवडाभर विश्रांती घेऊनही राहत असेल, तर पेन्सिल ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सरावानं ते जात नाही. तसंच पाट समोर सरळ ठेवूनही बारीक रेघा दुहेरी किंवा पुसट दिसत असतील, डोकं दुखत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याला आम्ही वर्षभर 'नीट बघ' म्हणत राहिलो, आणि त्याला चष्म्याची गरज होती. तेव्हापासून पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना फळ्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावते.

शिक्षकाकडं जाताना निवडक चांगली चित्रं नेऊ नका. पाठकोऱ्या कागदांचा सगळा गठ्ठा न्या, तारखा घालून, फाटलेले आणि अर्धवट राहिलेलेसुद्धा. गठ्ठा चाळताना दोष कुठल्या आठवड्यात सुरू झाला आणि कुठल्या तपासणीपाशी अडलाय ते दहा मिनिटांत कळतं. आणि तो दोऱ्याचा नट बरोबर ठेवा.